पाटीवरचं नाव आणि पाटीमागची माणसं



तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने धंद्याच्या नोंदणीवर काय बोलायचं, असं काहींना वाटलं असेल. पण नोंदणीच्या अर्जावरचा पहिला प्रश्न, ‘हा धंदा कुणाचा?’, दिसतो तितका सरळ नाही. पेण-रोह्याच्या बाजारात या प्रश्नाचं उत्तर पिढ्यान् पिढ्या तोंडी दिलं गेलं आणि सगळ्यांना ते पुरलं. पुढे कायद्याने ते लिहून मागायला सुरुवात केली. हे कसं झालं आणि उत्तर न लिहिल्याने नुकसान कुणाचं होतं, एवढंच आज आपण पाहणार आहोत.

पेणपासून हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेतपर्यंत गणपतीचे कारखाने आहेत. रोह्याला गेलात तर बाजारपेठेत किराण्याची जुनी दुकानं आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीवर जगणारी छोटी वर्कशॉप, ट्रान्सपोर्टवाले, खानावळी. पाट्या वाचत चला. कुठे नुसतं आडनाव, कुठे ‘बंधू’, कुठे ‘आणि मंडळी’, कुठे देवाचं नाव. पाटीमागे एक माणूस आहे की चार, हे पाटीवरून कळत नाही. गावातल्या माणसाला ते कळायची गरजही नसते, त्याला ठाऊकच असतं. प्रश्न येतो तो बाहेरच्या माणसाशी व्यवहार होतो तेव्हा.

एक उदाहरण कल्पनेतलं घेऊ या. असं धरून चाला की हमरापूरला एक कारखाना आहे. वडिलांनी काढलेला. आता दोघे भाऊ चालवतात. थोरला व्यापाऱ्यांशी बोलतो, माल पाठवतो, पैसे आणतो. धाकटा साचे करतो, मूर्ती घडवतो. थोरल्याची बायको रंगकाम आणि डोळ्यांची आखणी करते. पाटीवर वडिलांचं नाव, शॉप ॲक्टचा कागद थोरल्याच्या नावावर, बँकेतलं खातंही त्याचंच. हंगाम संपला की घरात बसून हिशोब होतो. कागद नाही. धाकट्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘आमचा कारखाना.’ बँक म्हणेल, ‘दादांचा.’ वहिनींना कुणी विचारतच नाही. हे कुटुंब आपण शेवटपर्यंत सोबत ठेवू.

आता थोडं मागे जाऊ.

एकत्र येऊन धंदा करणं आपल्याकडे इंग्रजांनी आणलेलं नाही. मनुस्मृतीत वादाची जी अठरा पदं सांगितली आहेत, म्हणजे राजासमोर येणाऱ्या तंट्यांचे अठरा प्रकार, त्यांतलं एक आहे ‘संभूयसमुत्थान’. मिळून केलेला उद्योग, असा त्याचा अर्थ. मनूने तिथे मुख्यतः यज्ञ करणाऱ्या ऋत्विजांनी दक्षिणा कशी वाटून घ्यावी ते सांगितलं. नारद आणि बृहस्पती यांनी व्यापाऱ्यांचा आणि कारागिरांचा विचार केला. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात, १९४६ साली, हे सगळं मांडून ठेवलं आहे. त्यातली एक तरतूद आम्हाला पेणच्या संदर्भात फार बोलकी वाटते. कारागीर मिळून काम करत असतील तर शिकाऊ, जाणता, कुशल आणि आचार्य यांनी अनुक्रमे एक, दोन, तीन आणि चार भाग घ्यावेत, असं स्मृतिवचन आहे. म्हणजे वाटा भांडवलावर नव्हे, हातातल्या कौशल्यावर. आपल्या धाकट्या भावाला आणि वहिनींना हा नियम आवडला असता.

मात्र या व्यवस्थेत कुठेही दप्तर नाही. कोण कुणाचा भागीदार, हे साक्षीदार सांगत, वह्या सांगत. पेढीची रोजकीर्द आणि खतावणी हाच पुरावा. जो व्यापारी वही खोटी लिहील त्याची पत जाई, आणि पत गेली की बाजार बंद. ज्या जगात सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे ही शिक्षा पुरेशी असते.

इंग्रजी अमलात १८७२ चा करार कायदा आला. त्याच्या अकराव्या प्रकरणात, कलम २३९ ते २६६ मध्ये, भागीदारी बसवली होती. साठ वर्षं तेवढ्यावरच निभावलं. मग एक खास समिती नेमली गेली. तिच्यात मुंबईचे नामवंत कायदेपंडित सर दिनशा मुल्ला होते, सर ब्रजेंद्रलाल मित्तर होते, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर होते, सर आर्थर एगर होते. तिच्या कामातून १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा तयार झाला. तो १ ऑक्टोबर १९३२ ला लागू झाला. फक्त कलम ६९ एक वर्ष उशिरा, १ ऑक्टोबर १९३३ ला. ते कलम मागे का ठेवलं, ते लवकरच कळेल.

त्याआधी कलम ४ पाहू, कारण तिथे खरं तत्त्वज्ञान आहे. कायदा म्हणतो, सगळ्यांनी किंवा सगळ्यांच्या वतीने काहींनी चालवलेल्या धंद्याचा नफा वाटून घ्यायचा करार ज्यांनी केला, त्यांच्यातला संबंध म्हणजे भागीदारी. आणि त्या माणसांना एकत्रितपणे ‘फर्म’ म्हणायचं. नीट ऐका. फर्म ही वेगळी वस्तू नाही, ते माणसांच्या समूहाला दिलेलं नाव आहे. आमच्या शास्त्रात यावर जुना वाद आहे. नैयायिक म्हणतात, अवयवांहून अवयवी वेगळा. सुतांचा पट झाला की पट ही नवी वस्तू झाली. बौद्ध म्हणतात, तसं काही नसतं. नागसेनाने मिलिंद राजाला हेच विचारलं होतं: चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? मग रथ कुठाय? तो एक व्यवहारातला शब्द आहे. आपला भागीदारी कायदा या बाबतीत बौद्धांच्या बाजूला बसतो, आणि कंपनी कायदा नैयायिकांच्या. लंडनच्या सॉलोमन नावाच्या जोडे बनवणाऱ्याने आपल्या एकट्याच्या धंद्याची कंपनी केली. ती बुडाली, आणि १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की कंपनी वेगळी, सॉलोमन वेगळा. कंपनीचं कर्ज त्याच्या अंगावर नाही.

याचा व्यवहारातला अर्थ पेणच्या कारखानदाराने समजून घ्यायला हवा. फर्म वेगळी नसल्यामुळे फर्मचं कर्ज प्रत्येक भागीदाराचं आहे, एकत्रितही आणि एकेकट्याचंही. कलम २५. एका भावाने कारखान्यासाठी माल उधार आणला तर दुसऱ्याचं घर त्याला बांधील होतं. एकट्याच्या धंद्यात तर प्रश्नच नाही: दुकान आणि दुकानदार कायद्याला दोन दिसतच नाहीत. दुकानाचं देणं म्हणजे मालकाचं देणं, अगदी राहत्या घरापर्यंत.

एकट्याच्या धंद्यासाठी वेगळा कायदाच नाही. ‘प्रोप्रायटरशिप रजिस्टर करायची आहे’ असं लोक म्हणतात, पण तसं रजिस्टर अस्तित्वात नाही. मालकाने धंदा सुरू केला की ती झाली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत, आदेश ३० मध्ये, एक मजेशीर नियम आहे. भागीदारी फर्मला फर्मच्या नावाने दावा लावता येतो. एकटा माणूस मात्र स्वतःचं सोडून दुसऱ्या नावाने धंदा करत असेल, तर त्या नावावर दुसऱ्याला दावा करता येतो, पण त्याला स्वतःला त्या नावाने दावा लावता येत नाही. कोर्टात जाताना त्याला पाटी घरी ठेवून स्वतःच्या नावाने जावं लागतं.

आता कलम ६९. इंग्लंडमध्ये १९१६ पासून धंद्याच्या नावांची नोंदणी सक्तीची होती, न केल्यास दंड. आपल्याकडे ते घेतलं नाही. कारण असं दिलं गेलं की सुरुवातीलाच ही सक्ती फार कडक होईल. इथे लहान आणि चार दिवसांचे धंदे पुष्कळ, त्यांच्या अडचणी होतील. ज्याने हे लिहिलं त्याला हंगामी धंदा कळला होता, असं म्हणायला हवं. म्हणून नोंदणी ऐच्छिक ठेवली. दंड नाही, शिक्षा नाही. पण नोंद नसलेल्या फर्मला करारावरून उभा राहणारा हक्क दिवाणी कोर्टात तिसऱ्या माणसाविरुद्ध बजावता येणार नाही, आणि नोंद नसलेल्या भागीदाराला आपल्या फर्मविरुद्ध किंवा जोडीदारांविरुद्धही तसा हक्क मागता येणार नाही. उलट बाजूने रस्ता मोकळा: तिसऱ्या माणसाने या फर्मवर दावा खुशाल करावा. लोकांना तयारीला वेळ मिळावा म्हणून या कलमाला वर्षभर थांबवलं होतं.

आपल्या हमरापूरच्या भावांकडे परत येऊ. गणपतीचा धंदा म्हणजे वर्षभर खर्च आणि दोन महिन्यांत वसुली. शाडू गुजरातेतून आणायची, रंग आणायचे, मजुरी द्यायची, कर्ज काढायचं. माल व्यापाऱ्याकडे जातो, काही पैसे आगाऊ, बाकीचे विसर्जनानंतर. समजा एका परगावच्या व्यापाऱ्याने बाकी दिलीच नाही. थोरला कोर्टात गेला. समोरचा वकील विचारतो: हा धंदा तुमचा एकट्याचा की भावासोबत? भावाला नफ्यात वाटा मिळतो का? मिळतो. मग ही भागीदारी. नोंदली आहे? नाही. मग दावा चालणार नाही. माल गेला, मूर्ती विसर्जन झाल्या, बाकी तशीच राहिली. दावा लावल्यानंतर धावत जाऊन नोंदणी केली तर तो दावा वाचत नाही. नवा लावावा लागतो, तोही मुदतीत.

इथे कलम ५ मदतीला येऊ शकतं. भागीदारी करारातून जन्मते, जन्माने मिळत नाही, असं ते सांगतं. हिंदू एकत्र कुटुंबाचा धंदा चालवणारी माणसं निव्वळ त्यामुळे भागीदार होत नाहीत. म्हणजे कारखाना खरोखर एकत्र कुटुंबाचा असेल तर नोंदणीचा अडसर नाही, कर्त्याला दावा लावता येतो. पण मग ते सिद्ध करा. वाटणी झाली होती का? भांडवल कुणाचं? एकाच कारखान्याबद्दल तीन उत्तरं शक्य आहेत, थोरल्याचा एकट्याचा, एकत्र कुटुंबाचा किंवा दोघांच्या भागीदारीचा. प्रत्येक उत्तराने निकाल बदलतो. आणि ते उत्तर वीस वर्षांनी, भांडणाच्या वेळी, आठवणीतून काढायचं असतं.

आता आतलं भांडण. भाऊ वेगळे व्हायचं म्हणतात. १९३२ च्या कायद्याने एक दार उघडं ठेवलं होतं: नोंद नसली तरी फर्म मोडण्यासाठी किंवा मोडलेल्या फर्मचा हिशोब मागण्यासाठी दावा करता येई. महाराष्ट्राने १९८४ च्या दुरुस्तीने हे दारही लावून घेतलं. हेतू चांगला असेल, लोकांनी नोंदणी करावी हाच. परिणाम असा की ज्याच्या हातात चाव्या, वह्या आणि बँकेचं खातं, तो सुखरूप. आणि ज्याने वीस वर्षं साचे काढले, त्याला हिशोबही मागता येत नाही. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती घटनाबाह्य ठरवली. माणसाचा मालमत्तेतला वाटा केवळ एक नोंद नाही म्हणून बुडवणं मनमानी आहे, असा त्याचा आशय. म्हणजे पंचवीस वर्षं या राज्यातल्या न नोंदलेल्या भागीदारांना ही अडचण होती, आणि तिची जाणीव बहुतेकांना भांडण झाल्यावरच झाली.

रोह्याचा उल्लेख आता केला पाहिजे. चिंतामणराव देशमुख, ज्यांचं घराणं रोह्याचं आणि जन्म महाडजवळच्या नात्याचा, ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५२ साली तेव्हाच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले आणि अर्थमंत्री राहिले. १९५६ चा कंपनी कायदा त्यांच्या काळातला. संसदेत तो त्यांनीच पुढे नेला. त्यात ६५८ कलमं होती. भागीदारी कायद्यात आहेत ७४. मोठ्या भांडवलावर नजर ठेवायला एवढं मोठं जाळं विणलं गेलं. वीसपेक्षा जास्त माणसं मिळून नफ्याचा धंदा करत असतील तर त्यांनी कंपनी म्हणून नोंदवलंच पाहिजे, असा त्यात दंडक होता. २०१३ च्या कायद्यानंतर नियमांनी तो आकडा पन्नास केला. रोह्याच्या बाजारातला दुकानदार मात्र या जाळ्याबाहेरच राहिला. त्याच्यासाठी १९३२ चीच व्यवस्था आजही चालू आहे.

दरम्यान दुसरी दप्तरं वाढत गेली, आणि आजचा गोंधळ तिथून सुरू होतो. मुंबई प्रांताने १९३९ साली दुकानांचा कायदा केला, मग १९४८ चा आला. मुंबईकर ज्याला ‘गुमास्ता’ म्हणतात आणि आपण ‘शॉप ॲक्ट’ म्हणतो, तो हाच. २०१७ च्या नव्या कायद्याने दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना फक्त कळवणं पुरेसं ठेवलं. आयकर खात्याने तर १९२२ पासून फर्मची स्वतःची वेगळी नोंदणी चालवली, जी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला बंद झाली. ‘आमची फर्म रजिस्टर आहे’ असं त्या काळात कुणी म्हटलं तर नेमकी कुठे, हे विचारावं लागे. २०१७ साली जीएसटी आला, १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी.

आम्ही या दप्तरांकडे असं पाहतो. प्रत्येक दप्तर एक वेगळा प्रश्न विचारतं. शॉप ॲक्ट विचारतो, इथे किती माणसं राबतात? जीएसटी विचारतो, विक्री किती? उद्यम विचारतं, धंदा किती मोठा? फर्मचा निबंधक एकटाच विचारतो, कोण कुणासोबत आहे? पहिल्या तीन कागदांनी चौथ्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. भिंतीवर तीन प्रमाणपत्रं लावलेली आहेत म्हणून भागीदारी नोंदली गेली, असं होत नाही. उद्यमचा फायदा वेगळा आहे: २००६ च्या कायद्याखाली सूक्ष्म आणि लघु उद्योगाला पंचेचाळीस दिवसांच्या आत पैसे मिळण्याचा हक्क आहे, न मिळाल्यास तक्रारीसाठी परिषद आहे. एकट्याने धंदा करणाऱ्याने तो कागद जरूर घ्यावा. पण भावाभावांतलं नातं त्यात लिहिलेलं नसतं.

निबंधकाकडे लिहायचं तरी काय असतं? फार नाही. फर्मचं नाव, धंद्याचं मुख्य ठिकाण, इतर ठिकाणं, प्रत्येक भागीदार कधी आला ती तारीख, सगळ्यांची पूर्ण नावं आणि कायमचे पत्ते, मुदत असली तर ती. १९३२ च्या कायद्यात नावावर एक बंधन होतं: क्राऊन, एम्परर, किंग, क्वीन, रॉयल असले शब्द सरकारच्या परवानगीशिवाय नको. हे रजिस्टर फी भरून कुणालाही पाहता येतं. त्याचा सगळा अर्थ यातच आहे. ही सरकारची परवानगी नव्हे. या नावामागे आम्ही उभे आहोत, असं अनोळखी माणसाला सांगून ठेवणं आहे. पेण-रोह्याला असं कार्यालय नाही, पण आता अर्ज ऑनलाइन होतो, त्यामुळे ती सबब राहिली नाही.

आणि त्याआधी भागीदारीपत्र. ते नसलं तरी भागीदारी होते, तोंडीही होते. पण मुद्रांकावर लिहून घ्यावं. भांडवल कुणी किती घातलं, नफा-तोटा कसा वाटायचा, श्रमाचा वाटा किती, एकजण गेला तर काय. हा शेवटचा मुद्दा लोक अशुभ म्हणून टाळतात. उलट ठरलेलं नसेल तर एका भागीदाराच्या मृत्यूने फर्म मोडते, कलम ४२. दोघांचीच फर्म असेल तर वारसांशी काय ठरवायचं ते आजच लिहा. वेगळं झालात तर तेही जाहीर करा. बाहेर पडलेला भागीदार जाहीर नोटीस देत नाही तोवर पुढच्या व्यवहारांनाही अडकू शकतो. कित्येक जण घरात वाटणी करून मोकळे होतात आणि दप्तरात तसेच राहतात.

वहिनी राहिल्या. एकत्र कुटुंब म्हटलं तरी सून सहदायाद नाही. मुलींना महाराष्ट्राने १९९४ साली आणि देशाने २००५ साली तो हक्क दिला, सुनेला नाही. एकट्याचा धंदा म्हटलं तर मालक नवरा. म्हणजे आखणी करणारा हात कुठल्याच दप्तरात नाही. भागीदारीपत्र ही एकच जागा अशी आहे जिथे बायको, बहीण, सून आपलं नाव स्वतःच्या सहीने आणि स्वतःच्या वाट्यासकट लिहू शकते, कारण तिथे जन्म आणि नातं विचारत नाहीत, करार विचारतात. अर्थात नाव लिहिलं की देण्याची जबाबदारीही आली. ती समजून, वाचून सही करावी. नुसतं ‘इथे सही कर’ म्हणून घेतलेली सही पुढे त्रासाची होते. पापड-पोह्यांचा धंदा घरातून करणाऱ्या बायकांनाही आमचं हेच सांगणं आहे. दोघी-तिघी मिळून करत असाल तर मैत्री तशीच राहू द्या, पण वाटा कागदावर आणा.

कुणी म्हणेल, भावाभावांत कागद कशाला, विश्वास नाही का? विश्वास असतो तेव्हाच कागद सहज होतो. दोघेही शांतपणे, खरं तेच लिहितात. कोर्टात जे लिहिलं जातं ते वकिलाच्या भाषेत असतं. स्मृतिकारांनी शिकाऊला एक आणि आचार्याला चार भाग ठरवून दिले, तेही काम सुरू असताना लागू पडावं म्हणून, भांडणानंतर नव्हे.

तेव्हा यंदाचा हंगाम संपला, हिशोबाला बसलात, की पाटीवरचं नाव कुणाचं हा प्रश्न एकदा घरात मोठ्याने विचारा. तिघांनी तीन उत्तरं दिली तर दुसऱ्या दिवशी कागद करायला घ्या.

आता तुमचे प्रश्न घेऊ.